शाश्वत पुरवठा साखळी आणि ब्लॉकचेन : भारतीय कॉफीच्या संदर्भात एक अभ्यास

युरोपातील एखाद्या शहरात ग्राहक कॉफीचे पाकीट विकत घेतो, तेव्हा त्यावर दोन-तीन दावे छापलेले असतात. ही कॉफी सावलीत पिकवलेली आहे, तिच्यासाठी जंगल तोडलेले नाही आणि उत्पादकाला रास्त भाव मिळालेला आहे. यांपैकी एकही दावा ग्राहकाला चव घेऊन पडताळता येत नाही. कोडगूच्या डोंगरउतारावरील मळ्यापासून त्या पाकिटापर्यंतच्या प्रवासात कॉफी किमान पाच-सहा हातांतून गेलेली असते आणि प्रत्येक टप्प्यावर तिच्यासोबतची माहिती थोडी गळते किंवा बदलते. उदयोन्मुख अर्थव्यवस्थांतून निर्यात होणाऱ्या बहुतेक शेतमालाची, खनिजांची व वस्त्रांची हीच स्थिती आहे. ही गळती थांबवण्याचा उपाय म्हणून गेल्या दशकभरात 'ब्लॉकचेन' या तंत्रज्ञानाकडे मोठ्या अपेक्षेने पाहिले गेले. ती अपेक्षा कितपत रास्त आहे, तंत्रज्ञान कोणता प्रश्न सोडवते आणि कोणता सोडवू शकत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ब्लॉकचेन म्हणजे नेमके काय?

ब्लॉकचेन ही मूलतः एक खातेवही आहे. नेहमीची खातेवही एका कार्यालयात, एका अधिकाऱ्याच्या ताब्यात असते. सातबाऱ्याचा उतारा हे तिचे परिचित उदाहरण होय. ब्लॉकचेनमध्ये मात्र एकाच खातेवहीच्या प्रती साखळीतील अनेक सहभागी संस्थांच्या संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या असतात. नवी नोंद सर्वांच्या ठरलेल्या सहमती प्रक्रियेतूनच वहीत चढते. नोंदींचा प्रत्येक गट म्हणजे एक 'ब्लॉक'. त्यातील मजकुरावरून गणिती पद्धतीने एक अंकीय ठसा तयार केला जातो, त्याला 'हॅश' म्हणतात. पुढील ब्लॉकमध्ये मागील ब्लॉकचा ठसा समाविष्ट असतो. त्यामुळे जुन्या नोंदीतील एक अक्षर जरी बदलले तरी तिचा ठसा बदलतो, पुढचे सर्व दुवे जुळेनासे होतात आणि फेरफार तत्काळ उघड होतो.

या कल्पनेचे मूळ १९९१ मध्ये स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांनी अंकीय दस्तऐवजांवर कालमुद्रा उमटवण्यासाठी केलेल्या संशोधनात आढळते. २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधाने तिला बिटकॉइनच्या रूपाने व्यापक प्रसिद्धी मिळवून दिली. तेथे सोडवायचा प्रश्न मर्यादित होता. एकच अंकीय नाणे दोन ठिकाणी खर्च होऊ नये, एवढाच. पुरवठा साखळीतील उपयोग समजून घेताना हा मूळ हेतू ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

ब्लॉकचेनचे दोन प्रमुख प्रकार आहेत. सार्वजनिक ब्लॉकचेनमध्ये कोणीही सहभागी होऊ शकतो. अनुमतीप्राप्त ब्लॉकचेनमध्ये केवळ ओळख पटलेल्या संस्थांनाच प्रवेश असतो आणि पुरवठा साखळ्यांत प्रामुख्याने हाच प्रकार वापरला जातो. बिटकॉइनच्या सहमती प्रक्रियेला प्रचंड वीज लागते, म्हणून शाश्वततेसाठी ब्लॉकचेन वापरणे हा विरोधाभास असल्याची टीका होते. अनुमतीप्राप्त ब्लॉकचेनला ही टीका लागू पडत नाही. तसेच इथेरियम या मोठ्या सार्वजनिक जाळ्यानेही सप्टेंबर २०२२ मध्ये सहमतीची पद्धत बदलून आपला वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक कमी केला. ब्लॉकचेन आणि आभासी चलन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही परीक्षार्थींनी लक्षात ठेवावे.

माहितीची विषमता : प्रश्नाचे अर्थशास्त्र

विक्रेत्याला वस्तूचा दर्जा ठाऊक आहे, पण खरेदीदाराला नाही, अशा स्थितीत काय घडते याचे विश्लेषण जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन केले. खरेदीदार सरासरी दर्जा गृहीत धरून सरासरी किंमत देऊ करतो. चांगल्या मालाच्या विक्रेत्याला ती परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो आणि बाजारात हलका मालच उरतो. या कार्यासाठी ॲकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शाश्वत उत्पादनाला हेच तत्त्व अधिक तीव्रतेने लागू होते. झाडे राखून, रसायने टाळून किंवा मजुरांना योग्य वेतन देऊन पिकवलेला माल आणि तसे न करता पिकवलेला माल दिसायला सारखाच असतो. चांगल्या वागणुकीचा खर्च शेतकऱ्याला सोसावा लागतो, मात्र त्याचा पुरावा बाजारापर्यंत पोहोचला नाही तर मोबदला मिळत नाही. हा पुरावा पोहोचवण्यासाठी प्रमाणपत्रे, तपासणी संस्था व लेखापरीक्षक यांची व्यवस्था उभी राहिली. परंतु तिचा खर्च मोठा असतो आणि लहान उत्पादकावर तो प्रमाणाबाहेर पडतो. रोनाल्ड कोस व ऑलिव्हर विल्यमसन यांनी मांडलेल्या व्यवहारखर्चाच्या संकल्पनेत हा खर्च मोडतो. ब्लॉकचेनचा आर्थिक दावा या ठिकाणी उभा राहतो. पडताळणीचा खर्च कमी झाला, तर चांगल्या मालाला चांगला भाव मिळू शकेल.

वेगाच्या बाबतीत हा दावा सिद्ध झालेला आहे. वॉलमार्ट व आयबीएम यांच्या एका प्रयोगात कापलेल्या आंब्याच्या पाकिटाचा मूळ बागेपर्यंत माग काढण्यास जुन्या पद्धतीने सहा दिवसांहून अधिक काळ लागला, तर ब्लॉकचेनवर सुमारे २.२ सेकंद. मात्र नोंद लवकर सापडणे आणि ती खरी असणे, या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

भारतीय कॉफी : साखळीचे स्वरूप

भारतीय कॉफी मंडळाने २८ मार्च २०१९ रोजी ब्लॉकचेनवर आधारित कॉफी ई-बाजारपेठेचा पथदर्शी उपक्रम सुरू केला. त्या वेळच्या शासकीय माहितीनुसार देशात सुमारे ४.५४ लाख हेक्टर क्षेत्रावर ३.६६ लाख शेतकरी कॉफी पिकवत होते आणि त्यांपैकी ९८ टक्के लहान उत्पादक होते. क्षेत्रात कर्नाटकाचा वाटा ५४ टक्के, केरळचा १९ टक्के व तामिळनाडूचा ८ टक्के होता. उर्वरित लागवड आंध्र प्रदेश, ओडिशा व ईशान्येकडील राज्यांत होती. भारतात कॉफी झाडांच्या सावलीत घेतली जाते, हाताने वेचली जाते व उन्हात वाळवली जाते. पश्चिम घाटातील जैवविविधतेच्या दृष्टीने या पद्धतीचे मोल मोठे आहे. परंतु जागतिक बाजारात भारतीय कॉफीचा बराचसा भाग अन्य देशांच्या कॉफीत मिसळण्यासाठी जातो आणि तेथे तिची ओळख पुसली जाते.

शेतकरी आणि अंतिम खरेदीदार यांच्यामधील स्तर कमी करणे, मालाचा माग ठेवणे आणि उत्पादकाला योग्य किंमत मिळवून देणे, ही या उपक्रमाची उद्दिष्टे होती. त्याच महिन्यात कूर्ग अरेबिका, वायनाड रोबस्टा, चिकमगळूर अरेबिका, अराकू व्हॅली अरेबिका व बाबाबुदनगिरी अरेबिका या पाच प्रकारांना भौगोलिक निर्देशांक मिळाला. या दोन घटनांचा परस्परसंबंध महत्त्वाचा आहे. भौगोलिक निर्देशांक कायदेशीर हक्क देतो, पण एखादे पोते खरोखरच त्या प्रदेशातून आले, हे दाखवण्यासाठी मागोव्याची व्यवस्था लागते.

आता साखळीचा पहिला टप्पा पाहू. लहान शेतकरी आपली कॉफीची फळे वाळवून गावातील व्यापाऱ्याला विकतो. व्यापारी अनेक शेतकऱ्यांचा माल एकत्र करून प्रक्रिया केंद्राकडे पाठवतो. तेथे टरफल काढून, आकार व दर्जानुसार प्रतवारी होते आणि मग माल निर्यातदाराकडे जातो. म्हणजे निरनिराळ्या मळ्यांचा माल एकत्र मिसळण्याची क्रिया अगदी आरंभीच, गावपातळीवर घडते. एकदा दहा शेतांचे दाणे एका ढिगात मिसळले की त्यांना वेगळे करणे कोणत्याही खातेवहीला शक्य नाही. ब्लॉकचेनवरील नोंद व्यापाऱ्यापासून सुरू झाली, तर ती पुढे कितीही निर्दोष असली तरी शेतापर्यंत पोहोचत नाही.

युरोपीय संघाच्या वनतोडविरोधी नियमनामुळे या टप्प्याला निर्णायक महत्त्व आले आहे. जून २०२३ मध्ये अस्तित्वात आलेले हे नियमन गुरे, कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोयाबीन व लाकूड या सात वस्तू आणि त्यांपासूनच्या उत्पादनांना लागू आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगलतोड झालेल्या जमिनीवरील माल युरोपीय बाजारात विकता येणार नाही आणि ज्या भूखंडावर माल पिकला त्याचे भौगोलिक स्थान आयातदाराला कळवावे लागेल, या त्यातील मुख्य अटी होत. अंमलबजावणीची मुदत दोनदा पुढे ढकलण्यात आली. डिसेंबर २०२५ मधील दुरुस्तीनुसार मोठ्या व मध्यम उद्योगांसाठी ती डिसेंबर २०२६ अखेर निश्चित झाली. मे २०२५ मध्ये भारताचा समावेश कमी जोखमीच्या देशांत झाल्याने तपासणीची प्रक्रिया सुलभ झाली असली, तरी भूखंडाचे स्थान देण्याची अट कायम राहिली. युरोप ही भारतीय कॉफीची सर्वांत मोठी बाजारपेठ असल्यामुळे ज्या शेतकऱ्याच्या मळ्याची नोंद नाही, तो अतिशय चांगली, सावलीतली कॉफी पिकवूनही या बाजारातून वगळला जाण्याचा धोका आहे.

खोटा कागद आणि खोटी माहिती

पुरवठा साखळीतील फसवणुकीचे दोन प्रकार वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. पहिला प्रकार बनावट कागदाचा, तर दुसरा खऱ्या कागदावरील खोट्या माहितीचा.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण सेंद्रिय कापसाचे आहे. सेंद्रिय वस्त्रांसाठीच्या 'गॉट्स' या जागतिक मानकाच्या संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये भारतातील सुमारे २०,००० टन कच्चा कापूस बनावट व्यवहार प्रमाणपत्रांच्या आधारे सेंद्रिय म्हणून दाखवला गेल्याचे जाहीर केले. बनावट प्रमाणपत्रांवरील क्यूआर कोड शासकीय संकेतस्थळाच्या हुबेहूब नकलेकडे नेत होते. अशा फसवणुकीवर ब्लॉकचेन प्रभावी ठरू शकते. प्रमाणपत्र सामाईक खातेवहीत नसेल तर ते अस्तित्वातच नाही, असा नियम करता येतो. एकच प्रमाणपत्र दोन खरेदीदारांना दाखवणेही अशक्य होते. बिटकॉइनने सोडवलेला दुहेरी खर्चाचा प्रश्न हाच होता. शिवाय मेळ घालण्याची सोय मिळते. समजा, एका मळ्यात फार तर दहा पोती कॉफी निघू शकते आणि त्याच्या नावावर चौदा पोत्यांची विक्री नोंदली गेली, तर प्रणाली ती विसंगती दाखवून देईल.

मात्र त्या मळ्यात सात पोती पिकली, शेजारच्या तोडलेल्या जंगलातील तीन पोती त्यात मिसळली आणि दहा पोत्यांची नोंद झाली, तर ब्लॉकचेन ती खोटी नोंद कायमची, अबाधित जपून ठेवील. नोंद बदलता येत नाही याचा अर्थ ती सत्य आहे, असा होत नाही. संगणकशास्त्रात या मर्यादेला 'ओरॅकल समस्या' म्हटले जाते. बाह्य जगातील वस्तुस्थिती खातेवहीत आणणारा दुवा मानवी असतो आणि त्याच्या सचोटीची हमी गणित देऊ शकत नाही.

महाराष्ट्रातील द्राक्ष निर्यातीचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. कीटकनाशकांच्या अवशेषांमुळे युरोपात अडचणी आल्यानंतर अपेडाने २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही इंटरनेटवर आधारित माग काढण्याची प्रणाली उभी केली. प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंदणी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुन्यांची तपासणी, पॅकहाऊस व निर्यात प्रमाणपत्र हे सारे तिने एका दुव्यात आणले. ही प्रणाली ब्लॉकचेनवर आधारित नव्हती, तरीही तिने नाशिक, सांगलीसारख्या जिल्ह्यांतील बागायतदारांना युरोपच्या बाजारपेठेत टिकवून धरले. पुढे २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचे अवशेष आढळल्याने भारतीय द्राक्षांची निर्यात संकटात सापडली. या रसायनाचा समावेश तपासणीच्या यादीतच नव्हता. नोंदींत फेरफार झालेला नव्हता, जे विचारायला हवे होते ते विचारले गेले नव्हते. मागोवा प्रणाली कोणत्याही तंत्राची असो, तिची गुणवत्ता तिला पुरवलेल्या प्रश्नांवर आणि प्रयोगशाळांवर अवलंबून असते, हा या घटनेचा धडा होय.

ब्लॉकचेन केव्हा, मध्यवर्ती नोंदणी केव्हा?

ग्रेपनेटच्या उदाहरणावरून पुढील प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. सर्वांचा विश्वास असलेली एक संस्था उपलब्ध असेल, तर ब्लॉकचेनची गरज काय? गोदाम पावत्यांचे क्षेत्र याचे उत्तर सुचवते. एकाच पावतीवर दोन बँकांकडून कर्ज उचलण्याचा गैरप्रकार रोखण्यासाठी २००७ च्या गोदाम (विकास व नियमन) कायद्याच्या चौकटीत २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक परक्राम्य गोदाम पावती सुरू झाली. तिची नोंद नियामकाच्या देखरेखीखालील मध्यवर्ती भांडारांत होते. विश्वासार्ह नियामक असल्याने दुहेरी तारणाचा प्रश्न साध्या साधनाने हाताळता आला.

याउलट, अनेक देश, परस्परांचे स्पर्धक व वेगवेगळे कायदे एकत्र येतात, तेथे सर्वमान्य मध्यवर्ती संस्था नसते आणि ब्लॉकचेनला खरा वाव मिळतो. पण नेमक्या अशाच ठिकाणी सहकार्य घडवून आणणे सर्वांत कठीण असते. सागरी मालवाहतुकीसाठी मर्स्क व आयबीएम यांनी २०१८ मध्ये सुरू केलेला 'ट्रेडलेन्स' हा मंच तांत्रिकदृष्ट्या कार्यक्षम होता. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद करण्याची घोषणा झाली आणि २०२३ च्या पहिल्या तिमाहीत तो थांबला. संपूर्ण उद्योगाचे जागतिक सहकार्य साधता आले नाही, असे कारण देण्यात आले. एका मोठ्या स्पर्धकाने उभारलेल्या मंचावर आपली माहिती ठेवण्यास इतर कंपन्या सहजासहजी राजी होत नाहीत. तंत्र विकेंद्रित असले तरी मालकी विकेंद्रित नसेल, तर विश्वास निर्माण होत नाही.

खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

विकसनशील देशांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटपाचा आहे. मागोव्याची मागणी श्रीमंत देशांतील ग्राहक, कंपन्या व कायदे करतात. भूखंडाचे मापन, स्मार्टफोन, माल वेगळा साठवण्याची जागा आणि नोंदी ठेवण्याचा वेळ हा खर्च मात्र साखळीच्या आरंभी असलेल्या शेतकऱ्यावर पडतो. खरेदीदाराने या नोंदींसाठी अधिक किंमत दिली नाही, तर ब्लॉकचेन ही शेतकऱ्यासाठी आणखी एक बिनमोबदल्याची अट ठरते. त्याच्या जमिनीची, उत्पादनाची व विक्रीची माहिती खरेदीदाराला दिसते, पण खरेदीदाराची पुढील विक्री किंमत शेतकऱ्याला दिसत नाही, अशी रचना असेल तर माहितीची विषमता दूर होत नाही, केवळ तिची दिशा बदलते.

म्हणून पहिल्या टप्प्यावर शेतकऱ्याची स्वतःची संस्था असणे निर्णायक ठरते. आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यात आदिवासी उत्पादकांनी सहकारी पद्धतीने कॉफी एकत्र करून तिला स्वतंत्र ओळख मिळवून दिली. कॉफी गोळा करणारी संस्था उत्पादकांच्या मालकीची असेल, तर मिसळणी नियंत्रित राहते, मापनाचा खर्च विभागला जातो आणि वाढीव किमतीवर सामूहिक हक्क सांगता येतो. १०,००० शेतकरी उत्पादक संघटना स्थापन करण्याच्या २०२० च्या केंद्रीय योजनेकडे या दृष्टीनेही पाहता येईल.

भारतातील धोरणात्मक चौकट

नीती आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ब्लॉकचेनविषयक धोरण चर्चापत्र प्रसिद्ध केले. त्यात औषधांच्या पुरवठा साखळीचा मागोवा व खत अनुदानाचे दावे यांसारख्या प्रयोगांचा विचार होता. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय ब्लॉकचेन धोरण मांडले. त्या पुढचे पाऊल म्हणून ४ सप्टेंबर २०२४ रोजी 'विश्वस्य' या राष्ट्रीय ब्लॉकचेन तंत्रज्ञान मंचाचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राच्या भुवनेश्वर, पुणे व हैदराबाद येथील डेटा केंद्रांत त्याची पायाभूत व्यवस्था विभागलेली आहे. प्रत्येक विभागाने वेगळी प्रणाली न उभारता सामाईक सुविधा वापरावी, हा त्यामागील विचार होय.

कायदेशीर बाजूने दोन मुद्दे विचारात घ्यावे लागतात. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ इलेक्ट्रॉनिक नोंदींना पुरावा म्हणून स्थान देतो आणि तो १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. दुसरीकडे, अंकीय वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ व्यक्तीला आपली माहिती दुरुस्त करण्याचा व काढून टाकण्याचा हक्क देतो. कधीही न पुसली जाणारी नोंद आणि हा हक्क यांत विसंगती निर्माण होऊ शकते. त्यावर उपाय म्हणून शेतकऱ्याची वैयक्तिक माहिती साखळीबाहेर ठेवून केवळ तिचा अंकीय ठसा ब्लॉकचेनवर नोंदवण्याची पद्धत सुचवली जाते.

समारोप

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांपैकी बारावे ध्येय जबाबदार उत्पादन व उपभोगाचे आहे. उत्पादन आणि उपभोग ही दोन टोके वेगवेगळ्या खंडांत असताना त्यांना जोडणारी विश्वासार्ह नोंद आवश्यक आहे, यात शंका नाही. ब्लॉकचेन ही नोंद सुरक्षित ठेवू शकते, बनावट कागद व दुहेरी विक्री रोखू शकते आणि पडताळणीचा वेळ वाचवू शकते. ती नोंद खरी असावी यासाठी मात्र मळ्यावर जाऊन मोजणी करणारा माणूस, निष्पक्ष प्रयोगशाळा, जमिनीचे अद्ययावत अभिलेख व उत्पादकांची सबळ संघटना लागते. आरंभीच्या नोंदीत गुंतवणूक न करता केवळ खातेवही आधुनिक केल्यास जुन्याच त्रुटी अधिक टिकाऊ स्वरूपात साठवल्या जातील. अशा कोणत्याही प्रकल्पाचे मूल्यमापन करताना अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत. पहिली नोंद कोण करतो व ती कोण तपासतो? खातेवहीवर नियंत्रण कोणाचे आहे? आणि चिकमगळूर वा अराकूच्या उतारावरील लहान उत्पादकाच्या हाती पूर्वीपेक्षा अधिक किंमत पडते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तरच त्या साखळीला शाश्वत म्हणणे योग्य ठरेल.